हात आखडता असताना घरचे स्वावलंबन : आरंभ कोठून करावा

घरातील रोख उत्पन्न घटले किंवा महागाईपुढे ते पुरेनासे झाले, की घरच्या घरी काही पिकवावे, काही बनवावे आणि बाजारावरचा भार कमी करावा, असा विचार अनेक कुटुंबांत सुरू होतो. त्याबरोबर काही प्रश्नही उभे राहतात आणि वाचक ते वारंवार विचारतात : भाजी घरी लावल्याने खरोखर पैसे वाचतात काय, त्यासाठी कर्ज काढावे काय, कोंबड्या परवडतात काय, छतावर सौरसंच बसवावा काय, आणि शिधापत्रिकेवरचे धान्य घेणे हे स्वावलंबनाशी विसंगत आहे काय. यांतील बहुतेक गोंधळ काय करावे याविषयी नसून ते कोणत्या क्रमाने करावे याविषयी आहे. ज्या घरात आज पैशाची चणचण आहे, त्या घराने भांडवल लागणाऱ्या गोष्टीपासून आरंभ केला, तर बाजारावरचे अवलंबन जाऊन त्याजागी सावकारावरचे अवलंबन येते.

म्हणून पुढील विवेचनात ‘स्वावलंबन’ हा शब्द मर्यादित अर्थाने घेतला आहे. घरातून बाहेर जाणारा रोख पैसा घरच्या श्रमाने, जागेने आणि हक्कांच्या आधाराने थोपवणे, एवढाच तो अर्थ होय. सर्व काही घरीच पिकवले पाहिजे असा त्यात आग्रह नाही, कारण मीठ, तेल आणि औषध यांसाठी प्रत्येक घराला बाजारात जावेच लागते.

आधी वही, मग कुदळ

एक महिनाभर घरातील प्रत्येक रोख खर्च वहीत लिहून काढावा आणि महिनाअखेर त्याची तीन भागांत विभागणी करावी. पहिला भाग बांधील खर्चाचा, म्हणजे भाडे, शाळेची फी, वीजबिल, कर्जाचा हप्ता आणि औषधे यांचा. दुसरा भाग घरी निर्माण होऊ शकणाऱ्या वस्तूंचा, उदाहरणार्थ पालेभाजी, कोथिंबीर, अंडी, मसाला आणि लोणचे. तिसरा भाग व्याज, दंड आणि विलंब-आकार यांचा. हा तिसरा भाग बहुतेक घरांत कोणी स्वतंत्रपणे मोजतच नाही, आणि अडचणीतील घरात तो दुसऱ्या भागापेक्षा मोठा निघाला, तर पहिला उपाय परसात नसून कर्जाच्या कागदांत आहे असे समजावे.

वहीत आणखी एक रकाना असावा, तो वेळेचा. घरचे श्रम फुकट धरून केलेला हिशेब खोटा असतो, कारण ते श्रम बहुधा घरातील बाईच्या वाट्याला येतात आणि तिच्या दिवसात आधीच मोकळा वेळ नसतो. ज्या कामात रोज दोन तास जातात आणि महिन्याला शंभर रुपये वाचतात, ते काम घराने सोडून द्यावे किंवा सर्वांनी वाटून घ्यावे.

व्याज : सर्वांत मोठी गळती

व्याजाचा दर सांगण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत आणि त्यांची गल्लत झाली, की कर्ज स्वस्त वाटू लागते. ‘शेकडा पाच’ असे म्हटले, की त्याचा अर्थ बहुधा दरमहा शंभर रुपयांस पाच रुपये, म्हणजे वर्षाला ६० टक्के, असा असतो. ‘सपाट दर’ म्हणजे फेड होत गेली तरी व्याज मूळ रकमेवरच आकारणे, तर ‘घटत्या शिलकीवरचा दर’ म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज आकारणे. समजा, १०,००० रुपये १२ टक्के सपाट दराने घेतले आणि बारा समान मासिक हप्त्यांत ११,२०० रुपये फेडले, तर घटत्या शिलकीने मोजल्यास तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : एकूण किती रक्कम, किती हप्त्यांत परत द्यावयाची आहे? हातात दोन पैसे शिल्लक उरले, तर शेकडा पाचचे कर्ज फेडण्याइतका लाभ परसबाग किंवा कोंबड्या यांपैकी कशातूनही मिळत नाही.

कर्जदार म्हणून आपल्याला पुढील संरक्षण आहे.

- रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे ‘सूक्ष्मवित्त कर्ज’ होय. असे कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत.
- हे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही. कर्ज देणाऱ्याने सर्व आकार दाखवणारे माहितीपत्रक दिले पाहिजे.
- वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर येणे, शिवीगाळ करणे, नातेवाईक वा शेजारी यांना त्रास देणे, हे सर्व निषिद्ध आहे.
- विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, म्हणून जुने खरेदीखत हे केवळ कर्जाचे तारण होते असे असल्यास त्याचे कागद व साक्षीदार जपून ठेवावेत.

पर्यायी मार्ग स्वयंसहाय्यता गटाचा, म्हणजेच बचत गटाचा आहे. दहा ते वीस महिला ठरावीक रक्कम नियमित जमा करतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. गट टिकवणाऱ्या पाच गोष्टी ‘पंचसूत्री’ या नावाने ओळखल्या जातात : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियान आणि ग्रामीण तसेच शहरी भागात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, यांच्यामार्फत गट बांधता येतो. भिशी आणि बचत गट यांत मात्र गल्लत करू नये. भिशीचा हिशेब बहुधा एकाच व्यक्तीच्या हाती असतो, तर गटाचे खाते बँकेत आणि सर्व सदस्यांच्या नजरेसमोर असते.

हक्काचे धान्य घेणे म्हणजे परावलंबन नव्हे

शिधा घेण्यात अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः पूर्वी बरी स्थिती असलेल्या घरांना. हा संकोच अनाठायी आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते. धान्याचा खर्च वाचला, की बियाणे, खत आणि जुने कर्ज यांकडे वळवायला पैसा उरतो.

कार्डावरील कुटुंबप्रमुख घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वयाने मोठी स्त्री असावी, असे हाच कायदा सांगतो. कामासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबाला ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत दुसऱ्या गावातील किंवा राज्यातील रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. दुकानदाराने धान्य नाकारले किंवा कमी दिले, तर यंत्रातून निघालेली पावती मागावी, १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेस लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. दाखल्यांचे आणि कार्डांचे अर्ज रखडले असतील, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग, अशा पायऱ्या त्यात आहेत. पोच नसलेल्या अर्जाला मुदत लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

परसबाग : काय लावावे, काय लावू नये

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून दहा गुंठ्यांवर एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो असा विचार मांडला. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यामुळे दहा गुंठे ही बहुतेक वाचकांच्या आवाक्याबाहेरची जागा आहे. तथापि त्यामागील सूत्र दहा चौरस फुटांनाही लागू पडते : सूर्यप्रकाश वाया जाऊ देऊ नये, घरातील जैव पदार्थ बाहेर टाकू नयेत आणि माती स्वतः तयार करावी.

कांदा आणि बटाटा यांना जागा अधिक लागते आणि ते बाजारात तुलनेने स्वस्त असतात, म्हणून लहान परसात ते लावू नयेत. ज्या भाज्या महाग, नाशवंत आणि थोड्या थोड्या लागणाऱ्या आहेत, त्यांना अग्रक्रम द्यावा. कोथिंबीर, मेथी, पुदिना, मिरची, कढीपत्ता आणि आले यांत चौरस फुटामागे होणारी बचत सर्वाधिक असते. मेथी साधारण महिन्याभरात आणि भेंडी दीड महिन्यात हाती येते. ज्या घराला तातडीने दिलासा हवा आहे, त्याने पालेभाजीपासून आरंभ करावा, आणि एकाच दिवशी सर्व बी न पेरता दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे पेरावे.

- पावसाळ्यात : भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, दुधी, काकडी. वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत, म्हणजे जमीन मोकळी राहते.
- हिवाळ्यात : मेथी, पालक, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो, वाल.
- उन्हाळ्यात : माठ, चवळई, अंबाडी यांसारख्या उष्णता सोसणाऱ्या पालेभाज्या, तेही पाणी असल्यासच.
- कायमस्वरूपी : शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, अळू, केळ. यांपैकी शेवग्याला सर्वांत कमी पाणी व निगा पुरते आणि त्याचा पाला, फुले व शेंगा तिन्ही खाल्ली जातात.

पाण्याचा हिशेब आधी करावा. उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज सुमारे पाच लिटर पाणी धरल्यास चार चौरस मीटरच्या वाफ्याला वीस लिटर लागते, आणि तेवढे पाणी टँकरने विकत घ्यावे लागत असेल तर उन्हाळी वाफा मोकळा ठेवणेच शहाणपणाचे. भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी वाफ्यास चालते. साबणाचे पाणी मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीस न देता, जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू वाढवण्याची जी रीत होती, ती अनुसरावी. पावसाळ्यात छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणाऱ्या एक मिलिमीटर पावसातून एक लिटर पाणी मिळते. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, की काही गळती धरूनही दीड हजार लिटर पाणी साठवता येते. पहिल्या पावसाचे पाणी पत्रा धुऊन निघण्यासाठी सोडून द्यावे.

खत विकत घेऊ नये. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत थोड्या शेणात पुष्कळ खत करण्यासाठी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात काडीकचरा, माती आणि सुमारे शंभर किलो शेण यांचे थर देऊन तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. एवढे टाके शेतकरी कुटुंबाला उपयोगी आहे, तर शहरी घराला तळाशी छिद्रे पाडलेला तेलाचा जुना डबा आणि सुका पाला पुरतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला टाकला, तर वास येत नाही आणि अळ्याही होत नाहीत. बहुतेकांचा प्रयत्न याच ठिकाणी फसतो, कारण सुका पाला कोणी साठवून ठेवत नाही.

गच्चीवर किंवा चाळीच्या गॅलरीत बाग करणाऱ्यांनी ओल्या मातीचे वजन विसरू नये. वीस लिटरच्या एका डब्यात ओली माती तीस किलोंहून अधिक भरते, म्हणून निम्म्याहून अधिक पालापाचोळा मिसळून डबे तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर ठेवावेत. सामाईक गच्ची वापरण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती घ्यावी.

बियाणे : दरवर्षी विकत कशासाठी

येथे थोडे शास्त्र समजून घेणे भाग आहे. वाल, घेवडा, टोमॅटो या पिकांत परागीभवन मुख्यतः त्याच फुलात होते, त्यामुळे चांगल्या झाडाचे बी राखले तर पुढचे पीक तसेच येते. भोपळा, काकडी, दोडका यांत कीटकांमुळे शेजारच्या वाणाचा संकर होतो, म्हणून त्यांचे बी राखायचे असल्यास एका वेळी एकाच वाणाचा वेल ठेवावा. ‘संकरित’ असे पाकिटावर लिहिलेल्या वाणाचे बी राखून उपयोग नाही, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पाकीट घेताना ‘सरळ वाण’ किंवा गावरान बी मागावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या कामाचा आधार गावातील बायकांची बी राखण्याची आणि परस्परांना देण्याची रीत हाच आहे, आणि त्या रीतीला कायद्याचेही पाठबळ आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्याला ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही.

वर्षाची बेगमी आणि वाळवण

हंगामात धान्य-डाळ भरून ठेवणे स्वस्त पडते हे खरे असले, तरी त्यासाठी एकदम रोख रक्कम लागते. हंगामातील खरेदीने समजा १५ टक्के वाचत असतील आणि त्यासाठी शेकडा तीन दराने सहा महिन्यांचे कर्ज घेतले, तर व्याजच १८ टक्के होते आणि बेगमी तोट्यात जाते. अशा वेळी बचत गटाने एकत्र खरेदी करून दर महिन्याला वाटणी करणे हा मार्ग बरा.

साठवणीपूर्वी धान्य दाताखाली कट्कन फुटेल इतके वाळवावे, कोठी उन्हात तापवून घ्यावी आणि कडधान्याला थोडे खाद्यतेल चोळावे, म्हणजे भुंगा लागत नाही. उन्हाळ्यात स्वस्त झालेले टोमॅटो, गवार आणि कैरी वाळवून पावसाळ्यातील महाग भाजीची उणीव काही अंशी भरून काढता येते. लोणच्यात मिठाची काटकसर करू नये. मीठ फोडींच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांहून कमी पडले, तर सगळी बरणी वाया जाण्याचा धोका असतो.

इंधन, वीज आणि कोंबड्या

कडधान्ये व डाळी भिजवून शिजवणे आणि उकळी आलेले भांडे गोधडीत किंवा पेंढ्याच्या पेटीत गुंडाळून ठेवणे, या दोन गोष्टींना काहीही खर्च येत नाही. गोबरगॅससाठी रोज शेण लागते : दोन घनमीटरच्या संयंत्राला सुमारे ५० किलो, म्हणजे चार-पाच जनावरांचे. दोन शेळ्या असलेल्या घराने त्या वाटेला जाऊ नये. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातील पिष्टमय कचऱ्यावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले आहे. तेवढा कचरा आपल्या घरात रोज निघतो काय, हे आधी आठवडाभर तोलून पाहावे.

छतावरील सौरसंचासाठी ‘पीएम सूर्यघर’ या २०२४ च्या योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किलोवॉट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरवले आहे. उरलेला खर्च कर्जाने भागवायचा असेल, तर मासिक हप्ता सध्याच्या वीजबिलापेक्षा कमी असल्यासच पुढे जावे. वीजबिल थकले असल्यास, विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही.

कोंबड्या पाच-सहाच पाळाव्यात. एवढ्या पक्ष्यांचे पोट खरकटे, किडे आणि निवडलेल्या धान्याचा कोंडा यांवर बऱ्याच अंशी भागते. संख्या वाढली, की खाद्य विकत आणावे लागते आणि हिशेब उलटतो. मानमोडी हा रोग सगळा खुराडा रिकामा करतो, म्हणून लसीकरणासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्ले आणण्यापूर्वीच चौकशी करावी.

घरचा माल विकताना

पापड, मसाला, लोणचे यांची विक्री लहान प्रमाणात असली, तरी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी आवश्यक आहे. लहान उत्पादकाला पूर्ण परवाना लागत नाही. मिळालेला १४ अंकी क्रमांक, घटक, वजन आणि तारीख ही पाकिटावर छापावी. किंमत ठरवताना कच्चा माल, इंधन आणि वेष्टन यांबरोबर स्वतःच्या तासांची मजुरीही धरावी.

‘यंत्र आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच परत विकत घेऊ’ असे सांगणाऱ्या योजनांपासून दूर राहावे. अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, कापसाच्या वाती अशा कामांच्या नावाने ही आमिषे दाखवली जातात. कडकनाथ कोंबडीपालनाच्या अशाच आश्वासनांवर पश्चिम महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि २०१९ मध्ये ते अडकून पडले. माल खरोखर विकला जात असेल, तर तो विकत घेणारा दुसरा स्वतंत्र व्यापारीही असला पाहिजे. तसा एकही सापडत नसेल, तर पैसे देऊ नयेत. फसवणूक झालीच, तर धीर सोडू नये. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी यंत्र घेणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ‘ग्राहक’ ठरते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि प्राथमिक मदतीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

वाचकांनी या महिन्यात वही, पुढील महिन्यात कर्जाचे व शिध्याचे कागद आणि त्यानंतर पहिला वाफा, असा क्रम ठेवावा. शेवग्याचा फाटा मात्र वहीची वाट पाहत नाही. तो पावसाळ्याच्या आरंभी लावावा लागतो, शेजाऱ्याकडून मागून आणता येतो आणि साधारण वर्षभरात शेंगा देऊ लागतो.